मेरिसव्हिलची वाट

मेलबर्नच्या ईशान्येस सुमारें १०० किलोमीटरांवर मेरिसव्हिल हें टुमदार गांव आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं वणव्यानें तें बहुतेक भस्मसात् केलें. त्या दिवशींच्या वणव्यांत व्हिक्टोरिया प्रांतांतील १७३ माणसें प्राणांस मुकलीं. सायंकाळीं वारा अकस्मात् नैर्ऋत्येकडून वाहूं लागला, आणि आगीची लांबच लांब बाजू हेंच तिचें तोंड बनलें.

जानेवारींत, म्हणजे तिकडील ऐन उन्हाळ्यांत, मेलबर्नला भाच्याकडे उतरलों असतां आम्ही तेथील धबधबा पाहावयास निघालों. सकाळची हवा गार. पण वाटेवरील वणव्याच्या इशाऱ्याच्या फलकाचा कांटा ‘अतितीव्र’ या नारिंगी पट्ट्यावर! भाच्यानें मोटार परतविली. आम्ही हिरमुसलों.

“मामा, धूर दिसल्यावर निघणें म्हणजे उशीर झालाच,” तो म्हणाला.

घरीं दाराशीं पाणी, औषधें व कागदपत्रें भरलेली पिशवी तयारच होती. दुपारीं तप्त वारा सुटला, तेव्हां धबधबा राहिल्याची हळहळ आमच्या मनांतून पार गेली.