वाट पाहायला लावणारा वेग

दिल्लीत हिवाळा थंडीआधी धुरानं कळतो. नोएडातले उंच मनोरे अर्ध्यावरच पुसले जातात, आणि गाड्यांच्या धुराचा हिशेब रोज नव्यानं मांडला जातो. अशा दिवसांत मला हटकून आठवते ती स्वतःच्याच धुरावर पोसलेली एक देखणी गाडी : लोटस टर्बो एस्प्री.

1976 साली विक्रीला आलेली मूळ एस्प्री इटालियन डिझायनर जुजारोनं रेखली होती. सगळ्या रेषा सरळ, बुटकं फायबरग्लासचं अंग, पाचरीसारखं नाक. पण दोन लिटरचं इंजिन त्या रूपापुढं उणं पडायचं. मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, आणि वजनाशी तर लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचं उभं वैर. लोटसच्या हेथेलच्या कारखान्यानं मग टर्बोचा मार्ग धरला. बाहेर पडणाऱ्या तापल्या वायूनं एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं ताजी हवा सिलिंडरांत कोंबायची. 1980 च्या टर्बो एस्प्रीत 2174 सीसीमधून 210 अश्वशक्ती निघाली. हवा आधीच दाबलेली, म्हणून नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, टाळायला कम्प्रेशनचं गुणोत्तर 7.5 पर्यंत उतरवावं लागलं.

मात्र वायूचा जोर साठेपर्यंत चक्राला गती येत नाही. पाय दाबावा आणि क्षणभर काहीच घडू नये. मग एकाएकी पाठ सीटला चिकटावी! 1989 च्या एस्प्री टर्बो एसई या आवृत्तीत दाबलेली हवा पाण्याच्या मदतीनं थंड करून ताकद 264 अश्वशक्तीवर नेली, तरी टर्बोचा तो विलंब पुरता गेला नाही. मला या गाडीत तोच क्षण मोलाचा वाटतो. मागितलेलं लगेच मिळत नाही, पण मिळणार हे ठाऊक असतं.

दिल्लीत तिला आणखी एक वाट पाहावी लागेल. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची इथली बंदी सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली कायम केली. अंमल पुढं कधी कडक, कधी सैल झाला. आणि 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजचा मान मिळतो पन्नाशीनंतर. मधली पस्तीस वर्षं गाडी नुसती म्हातारी. 1980 साली नोंदलेली टर्बो एस्प्री 2030 पर्यंत या कात्रीतच राहणार.

लोटस स्वतः मात्र 2023 च्या नोव्हेंबरात दिल्लीत आली ती इलेट्रे ही विजेवरची एसयूव्ही घेऊन. तेव्हाची किंमत अडीच कोटींच्या वर, धूर नाही, विलंबही नाही. या हवेत श्वास घेणाऱ्यानं तिला नाक मुरडू नये. मीही मुरडत नाही. रोजच्या रस्त्यावर तीच शोभेल. टर्बो एस्प्रीसाठी मी मागेन फक्त ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटची किलोमीटरभराची सरळ धाव, तीही वर्षातून एखाद्या सकाळी. वेग बटणावर मिळू लागला तरी तो एकेकाळी कमवावा लागत होता, हे एवढ्यानंही पुढच्या पिढीला कळेल.