वाफसा येईपर्यंत



दसरा झाला. बडोद्यातून पाऊस गेला, पण थंडी अजून आलेली नाही. दुपारचे ऊन भाजते आणि पहाटे मात्र चादर अंगावर ओढावीशी वाटते. घराच्या बागेत काम करणाऱ्यांसाठी हे तीन-चार आठवडे फार मोलाचे असतात. आता माती तयार झाली, तर नाताळात मेथी, कोथिंबीर, मुळा आणि हिरवी लसूण घरचीच मिळते, आणि वेदीजवळ ठेवायला फुलेही. महिला मंडळातल्या काही भगिनींनी विचारले, की हिवाळ्यासाठी कुंड्या आणि वाफे कसे तयार करायचे ते लिहून द्या. ते लिहितेच. पण त्यासोबत वचनातल्या काही गोष्टीही लिहिते, कारण २०२४ च्या पुरापासून ही दोन कामे माझ्या मनात वेगळी राहिलेली नाहीत.

गाळ

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५-२६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. आमचे घर सखल भागात. पाणी उतरले तेव्हा घरात आणि अंगणात सगळीकडे चिकट, काळा, वास मारणारा गाळ होता. घर आम्ही चार दिवसांत धुऊन काढले. अंगण तसेच राहिले.

ते अंगण माझ्या सासूबाईंचे होते. आम्ही त्यांना आईच म्हणायचो. वय ८१. देशी गुलाब, मोगरा, कढीपत्ता, वालपापडीचा मांडव आणि कोपऱ्यात कागदी लिंबाचे झाड, हे सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेले. गुलाब आणि मोगरा मुळापासून कुजले. लिंबाची सगळी पाने गळून नुसत्या काटेरी काड्या उरल्या. आई खिडकीत बसून बघायच्या आणि एवढेच म्हणायच्या, "आता माझ्या हयातीत काही हे उभं राहत नाही गं."

मंडळीतल्या तरुण मुलांनी दुसऱ्याच आठवड्यात फावडी आणली आणि म्हणाले, "काकू, आज सगळं खणून टाकतो." त्यांचे प्रेम मोठे. पण आईंनी खिडकीतूनच थांबवले. "अजून वाफसा नाही रे बाळांनो. ओल्यात खणलंत तर ढेकळांची वीट होईल."

वाफसा म्हणजे काय

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना हा शब्द आता ठाऊक नसतो. जमीन फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, मुळांना पाणी आहे आणि हवाही आहे, अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. ओळखायची रीत सोपी आहे. चार बोटे खोलवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. माती हाताला चिकटली आणि लाडू तसाच राहिला, तर जमीन ओली आहे. लाडू वळलाच नाही, तर वाफसा निघून गेला आहे. लाडू वळला आणि पडल्यावर भुसभुशीत होऊन फुटला, तर खुरपे घ्या आणि कामाला लागा.

ओल्या चिकणमातीत खुरपे घातले, की तिच्यातली हवेची जागा दाबली जाते. मग ती वाळून दगडासारखी होते आणि पुढे सारा हंगाम मुळांना त्रास देते. म्हणजे मेहनत करूनही नुकसान.

पुरानंतर आम्ही स्वयंसेवक घरोघरी जात होतो, तेव्हा आईंचे हे वाक्य माझ्या मनात सारखे येत राहिले. एका घरी लग्नातले फोटो आणि वडिलांचे पवित्र शास्त्र दोन्ही भिजून लगदा झाले होते. आमच्यासोबत आलेल्या एका बांधवांनी उंबरठ्यावरच सांगायला सुरुवात केली, की यातही देवाची योजना आहे. बोलणे खोटे नव्हते, पण वेळ ओल्या मातीची होती. त्या घरच्या माउलीचा चेहरा त्या क्षणी जो घट्ट मिटला, तो उघडायला पुढे बरेच दिवस लागले.

ईयोबाच्या मित्रांना आपण नेहमी दोष देतो. पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्यांनी केलेली एक गोष्ट फार चांगली होती. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख किती मोठे आहे ते त्यांना दिसत होते. तोंडे उघडल्यावर त्यांचे बिघडले. तोवर ते उत्तम सेवक होते.

मात्र वाफसा कायम टिकत नाही, हेही तितकेच खरे. आठ-दहा दिवस ऊन लागले की तीच माती तडकते, मग पहार मारली तरी उघडत नाही. पुराच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक दारात डबे आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. दीड महिन्याने, जेव्हा लोकांना खरोखर बोलायचे होते आणि रडायचे होते, तेव्हा दारात कोणी नव्हते. म्हणून आमच्या गटाने तेव्हापासून एक नेम केला आहे. ज्या घरी दुःख झाले, तिथे पहिल्या आठवड्यात जायचे ते हाताने काम करायला, आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा जायचे ते ऐकायला.

यशया संदेष्ट्याच्या २८ व्या अध्यायाच्या शेवटी शेतकऱ्याविषयी काही वचने आहेत. घरी अवश्य वाचा. नांगरणारा सदासर्वकाळ नांगरतच राहत नाही, जमीन सारखी झाली की तो पेरतो, असे तिथे सांगितले आहे. प्रत्येक बियाण्याला त्याची जागा असते आणि प्रत्येक पिकाला मळणीची त्याची रीत असते. जिऱ्यावर कोणी गाडीचे चाक फिरवत नाही, ते काठीने हलके झोडतात. आपल्या गुजरातेत जिरे भरपूर पिकते, तेव्हा हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. आणि हे शहाणपण शेतकऱ्याला देवच शिकवतो, असे संदेष्टा म्हणतो. ज्या देवाने कोणत्या दाण्याला किती मार सोसेल हे शेतकऱ्याला शिकवले, तो आपल्या लेकरांचे माप चुकणार नाही, असा विश्वास मला या वचनांनी त्या दिवसांत दिला.

माती तयार करणे

आता कामाचे सांगते.

पहिले काम तणाचे. लव्हाळा वरून ओढून काढू नका. त्याच्या गाठी खाली राहतात आणि आठवड्यात तो पुन्हा हजर होतो. वाफशावर खुरप्याने गाठीसकट काढा.

दुसरे काम उन्हाचे. कुंड्यांतली जुनी माती उलटी करा, मुळ्या वेचा आणि पातळ पसरून आठ-दहा दिवस ऑक्टोबरचे ऊन लागू द्या. ज्या ऊन्हाला आपण नावे ठेवतो, तेच मातीतल्या किडी आणि बुरशी कमी करते. अंगणात पुराचे पाणी येऊन गेले असेल, तर वरचा गाळ खरवडून काढा, आणि कच्च्या खायच्या भाज्या त्या हंगामात नव्या मातीच्या कुंड्यांतच घ्या. त्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते.

तिसरे काम खताचे. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट. प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले हवे. ताज्या शेणाने मुळे जळतात आणि हुमणी येते. चांगल्या खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

काय आणि केव्हा

कोबी, फ्लॉवर आणि टोमॅटोची रोपे आता ट्रेमध्ये करा, चार-पाच आठवड्यांनी ती कुंडीत जातील. धणे हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवून पेरा. मेथी आणि पालक थोडे थांबून पेरा, रात्री गार झाल्या की ते चांगले उगवतात. लसणीच्या पाकळ्या टोक वर ठेवून लावा. उत्तरायणाच्या उंधियूला लागणारे लीलुं लसण बाजारातून आणावे लागणार नाही. झेंडूची रोपे आता लावली तर डिसेंबरात फुलतात. गुलाब छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलतो. म्हणून नाताळच्या उपासनेला फुले हवी असतील, तर छाटणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि तिथून रोग शिरतो.

पाणी सकाळी द्या. थंडी वाढली की माती बघून द्या, सवयीने देऊ नका.

आणखी एक वर्ष

लिंबाच्या झाडाबद्दल सगळ्यांचे एकच मत होते, की उपटा. माळीदादाही तेच म्हणाले. आईंनी नखाने खोडाची साल जरा खरवडली. आत हिरवे होते. "एक वर्ष राहू द्या," त्या म्हणाल्या.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातला माळी हेच म्हणतो. मालक तीन वर्षे फळ शोधून थकला आहे आणि झाड तोडायला सांगतो आहे. माळी एक वर्ष मागतो. पण तो नुसता वेळ मागत नाही, हे लक्षात घ्या. मी सभोवती खणीन, खत घालीन, असे तो म्हणतो. ज्याच्यासाठी मुदत मागायची, त्याच्यासाठी हात मातीत घालायची त्याची तयारी आहे. आपण मध्यस्थीची प्रार्थना करतो, तेव्हा ही तयारी आपल्याजवळ असते का? आणि त्या झाडाचे पुढे काय झाले, हे प्रभूने सांगितलेलेच नाही.

आम्ही आळे केले, कुजलेले खत घातले आणि खोडाभोवती सुका पाला पसरला. त्याच आठवड्यात दोन कुंड्यांत आईंनी मेथी पेरली. नोव्हेंबरात मंडळीचा हंगामाचा सण झाला, ज्याला आपण सगळे हार्वेस्टच म्हणतो. त्या दिवशी त्यांनी मेथीची एक लहानशी जुडी वेदीपुढे ठेवली. लिलावात ती जुडी बोली वाढत वाढत अशा किमतीला गेली, की पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. पुरातून निघालेल्या मातीतली ती पहिली भाजी आहे, हे बोली लावणाऱ्यांना ठाऊक होते.

जानेवारीत लिंबाला खोडातून कोंब फुटले. झाड बियाचे होते, कलमी नव्हते, म्हणून कोंब अस्सल लिंबाचेच. आईंनी ते पाहिले. मार्च महिन्यात प्रभूने त्यांना आपल्याजवळ बोलावले.

झाड आता माझ्या खांद्याला लागते. फळ अजून नाही.

अनाथोथचे शेत

यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात एका खरेदीखताची गोष्ट आहे. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, आणि पुष्कळ दिवस टिकावे म्हणून कागद मातीच्या पात्रात ठेवायला बारूखाला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचे वचन होते, आणि त्या वचनाची ही पावती होती. पुढे यिर्मयाला मिसरात नेण्यात आले. त्या शेतात त्याने कधी पीक घेतल्याचे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही.

त्याच संदेष्ट्याने परमुलखात गेलेल्यांना २९ व्या अध्यायात लिहून पाठवले होते, की तिथे घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराचे हित पाहा. आपल्या मराठी घरांना बडोद्यात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग उभारली. तिथल्या मोठ्या झाडांच्या सावलीत आपली मुले खेळली, आणि ती झाडे लावणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. सावली मात्र आपल्याला मिळाली.

काही आठवड्यांत आगमनकाळाचा पहिला रविवार येईल. तोवर कोथिंबीर बोटभर वर आलेली असेल. ज्यांच्या घरी या वर्षी एक खुर्ची रिकामी झाली आहे, त्यांना मी आग्रहाने सांगेन, की एक तरी कुंडी भरा. मन लागत नसेल तर नुसती माती उन्हात पसरून ठेवा. पेरणी वाफशावर करू. आणि हात लागणार असेल, तर आमच्या गटाला निरोप द्या. खुरपी आमच्याकडे आहेत.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आमची माती ओळखतोस. जिथे आम्ही अजून ओले आहोत, तिथे थांब. जिथे आम्ही कठीण झालो आहोत, तिथे तुझ्या कृपेचा पाऊस पाड. शेजाऱ्याच्या दुःखात केव्हा बोलावे आणि केव्हा फक्त जवळ बसावे, याचे शहाणपण आम्हाला दे. जे आम्ही पाहणार नाही, तेही लावण्याचा विश्वास दे. पुरात ज्यांचे सर्व गेले आणि जे अजून सावरले नाहीत, त्यांच्या अंगणात या हिवाळ्यात काहीतरी हिरवे उगवू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.