वेग आणि अंतर

साठी उलटलेल्या माणसाने वेगाच्या मोहात पडू नये, असे म्हणतात. माझ्या बाबतीत तशी काळजी नव्हतीच. मला वेगाची धास्ती होती. काही वर्षांपूर्वी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, एका पावसाळी रात्री, घरी पोहोचण्याच्या घाईत मी पुढच्या ट्रकच्या फारच जवळून गाडी चालवीत होतो. ट्रक थांबला, माझा पाय ब्रेकवर पोहोचायला उशीर झाला. शेजारी बसलेल्या पत्नीचे मनगट मोडले. दोष सर्वस्वी माझा होता. तिने कधी एका शब्दाने मला दुखावले नाही. मात्र त्यानंतर मी गाडी चालवायला बसलो की ती मुकाट्याने मागच्या आसनावर जाऊन बसे.

2023 च्या जून महिन्यात आम्ही दोघे जर्मनीत, हॅनोव्हरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीकडे गेलो होतो. तिने वापरलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घेतली होती. या गाडीचे घराणे जुने आहे. 1975 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि पुढल्या वर्षी विक्रीस आली. तेव्हा तिची ताकद 110 अश्वशक्ती होती. अशा 5,000 गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. चौकटीच्या कापडाची आसने आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिला कलावंताची कल्पना. मागचे दार उघडून भाजीच्या पिशव्या ठेवाव्यात अशी ही घरगुती गाडी, आणि तरीही रस्त्यावर शर्यतीच्या गाड्यांशी नाते सांगणारी!

मुलीची गाडी आठव्या पिढीतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 245 अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी 100 किलोमीटर गाठायला सहा सेकंदांहून जरासा अधिक वेळ. एका सकाळी तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पप्पा, आज तुम्ही चालवा." मी पत्नीकडे पाहिले. ती नेहमीप्रमाणे मागचे दार उघडीत होती.

चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिल्याच चौकात माझा डावा हात सवयीने गिअर शोधीत दारावर आपटला. पण क्लच हलका होता, आणि इंजिन जराशा इशाऱ्यासरशी ओढ घेत होते. आम्ही ए-7 या महामार्गाने दक्षिणेकडे निघालो. पुढे तिरप्या काळ्या रेघांची पांढरी गोल पाटी आली. तेथून वेगाची सक्तीची मर्यादा संपते; ताशी 130 ही केवळ शिफारस उरते.

मी पायाखालचा दाब वाढविला. काटा 160 वर गेला. गाडी थरथरली नाही, आवाजही फारसा वाढला नाही. आमच्या जुन्या गाडीत 90 ला जसे वाटे, तसेच काहीसे वाटत होते. या गाडीचा खरा धोका मला तेथे उमगला. ती वेगाची जाणीवच होऊ देत नाही.

मुलगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, कडेचे खांब बघा. दर 50 मीटरला एक आहे. काट्यावर जेवढा आकडा, त्याच्या निम्मे मीटर अंतर पुढच्या गाडीपासून ठेवायचे." तेथील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आणखी एक ठोकताळा शिकवितात. ताशी 100 ला गाडी थांबायला ब्रेक लावल्यापासून 100 मीटर लागतात, तर 200 ला 400. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते.

मी खांब मोजू लागलो. थोड्याच वेळात उजव्या रांगेतून एक मोटार अचानक आमच्या पुढे आली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, कोठेही न भरकटता मंदावली. मध्ये पुष्कळ जागा शिल्लक होती. मागून उद्गारही आला नाही. ब्रेक उत्तम होते, यात शंका नाही. पण आम्हाला वाचविले ते आधीच राखलेल्या अंतराने. त्या पावसाळी रात्री माझ्याजवळ नेमके तेच नव्हते.

झेसेनला महामार्ग सोडून आम्ही हार्ट्झच्या डोंगरात शिरलो. 2018 पासूनच्या दुष्काळाने आणि किडीने वाळलेली स्प्रूसची झाडे उतारांवर उभी होती. वळणावर पुढची चाके ओढणारी गाडी सहसा बाहेरच्या बाजूस सरकू पाहते. येथे पुढच्या डिफरन्शियलचे लॉक बाहेरच्या चाकाला अधिक जोर देते आणि नाक आत वळविते. मी मात्र प्रत्येक वळणाआधीच वेग उतरवीत होतो.

गोस्लारच्या जुन्या गावात कॉफी घेऊन परतताना पत्नी गाडीपाशी क्षणभर थबकली. मग तिने पुढचे दार उघडले.

"पोरगी दमली आहे, मागे झोपेल," ती म्हणाली. "मी पुढे बसते."

मी काहीच बोललो नाही. महामार्गाला लागल्यावर माझ्या ध्यानात आले, ती हळू आवाजात कडेचे खांब मोजीत होती.