घुबडाचं माहेर

अथेन्समधलं पहिलं घुबड मला कोपऱ्यावरच्या टपरीत मिळालं, पाण्याच्या बाटलीच्या सुट्ट्या पैशांत. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या नाण्याचं चित्र आहे : मान वळवून थेट आपल्याकडे रोखून बघणारं घुबड आणि मागे ऑलिव्हची डहाळी. सौ.ने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे असलं अपशकुनी पाखरू बघायला एवढ्या लांब आलो, आणि सँटोरिनी राहिलं ते राहिलंच," म्हणाली. बंगालात हेच पाखरू लक्ष्मीचं वाहन मानतात, हे मी सांगून पाहिलं. "आपण कधीपासून बंगाली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी जुनी नाणी जमवतो. आपल्याकडचा संग्राहक ग्रीक नाण्यांकडे वळतो तो बहुधा घरच्याच वाटेने. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. चांदी क्षत्रप नहपानाची, पण बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतलेला. जिताच्या तोंडावर जेत्याचा शिक्का. त्या छापाखालून नहपानाच्या चेहऱ्याभोवतीची ग्रीक अक्षरं डोकावतात. ती तिथे काय करताहेत, हे शोधायला लागलं की माणूस मागे मागे सरकत मिनँडरपर्यंत पोचतो. हा मिनँडर म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’मधला, नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्याचं नाव दिलं, तोच. त्याच्या चांदीच्या द्राख्मांवर एका बाजूला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. त्यातल्या एका दुर्मीळ प्रकारावर पुढे शिरस्त्राण घातलेली अथीना आणि मागे घुबड. पुण्यातल्या माझ्या एका मित्राकडे तो आहे. जेमतेम अडीच ग्रॅमचं ते नाणं हातात घेतल्यापासून मला मूळ घुबडाचा ठावठिकाणा बघायचा होता.

अथेन्सचं नाणेसंग्रहालय पानेपिस्टिमिऊ रस्त्यावर एका वाड्यात आहे. वाडा हाइनरिश श्लीमानचा. ट्रॉय खणणारा तो जर्मन व्यापारी. एर्न्स्ट झिलर या वास्तुविशारदाने तो १८७८ ते १८८० या काळात बांधला आणि श्लीमानने त्याला ‘इलिऊ मेलाथ्रोन’, म्हणजे ट्रॉयचा महाल, असं नाव दिलं. आत शिरल्यावर मराठी माणूस थबकतोच, कारण सजावटीत जागोजागी स्वस्तिकं आहेत. श्लीमानला ट्रॉयच्या उत्खननात मातीच्या वस्तूंवर स्वस्तिकं सापडली होती आणि ती त्याने हौसेने घरभर काढून घेतली. पुढे जर्मनीत त्या चिन्हाचं जे झालं, त्याच्या कितीतरी आधीची ही हौस. दिवाळीला उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या सौ.ला मात्र हे घर एकदम ओळखीचं वाटलं, आणि नाण्यांच्या कपाटांसमोर माझ्याबरोबर उभं राहायला ती त्यानंतरच तयार झाली.

कपाटांत सगळ्यांत जास्त वेळ मी घालवला तो नाण्यांसमोर नव्हे, लोखंडाच्या गंजलेल्या सळ्यांसमोर. आर्गोसजवळच्या हेराच्या देवळात सापडलेल्या मांस भाजायच्या सळ्या आहेत त्या. नाणी येण्यापूर्वी ग्रीसच्या काही भागांत अशा सळ्या पैशासारख्या चालत. एक सळी म्हणजे ओबोल, आणि मुठीत मावतील अशा सहा सळ्या म्हणजे द्राख्मा. पुढे चांदीचं नाणं आलं, सळ्या गेल्या, हिशेब मात्र तोच राहिला : सहा ओबोलांचा एक द्राख्मा. एजिना बेटाची कासवं, कॉरिंथचा पंखवाला घोडा, अलेक्झांडरच्या नाण्यावरचा सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, हे सगळं ओलांडून मी घुबडांपाशी आलो.

चार द्राख्मांचं हे नाणं साधारण १७.२ ग्रॅमचं. रुंदी आपल्या रुपयापेक्षा फार नाही, पण जाडी दणदणीत. पुढे अथीना, तिच्या शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं. चेहरा बाजूने काढलेला, डोळा मात्र समोरून बघितल्यासारखा बदामी. मागे घुबड, कोपऱ्यात डहाळी आणि चिमुकली चंद्रकोर, आणि अथेन्सच्या नावाची पहिली तीन अक्षरं. शंभर-दीडशे वर्षांत जग बदललं तरी अथेन्सने या चित्राला फारसा हात लावला नाही. इजिप्तपासून बॅक्ट्रियापर्यंतच्या व्यापाऱ्यांना ते घुबड ओळखीचं झालं होतं. चित्र बदललं असतं तर ते बिचकले असते. कलेच्या दृष्टीने सिराक्यूजची नाणी याच्या कितीतरी पुढे आहेत, आणि तरीही मला हे हट्टी, जुनाट घुबडच जास्त भावतं.

काही घुबडांच्या अंगावर छिन्नीचा खोल घाव असतो. चांदी आतपर्यंत चांदीच आहे ना, हे कुणा परक्या व्यापाऱ्याने खात्री करून घेण्यासाठी घातलेला. लिलावात अशा नाण्यांची किंमत पडते. मला विचाराल तर घाव असलेलंच नाणं घ्यावं. ते कुणाच्या तरी हातातून गेलंय, त्याच्यावर कुणीतरी संशय घेतलाय, आणि ते खरं उतरलंय.

संग्रहालयाच्या बागेत कॅफे आहे. तिथे माझी एका निवृत्त जहाज-इंजिनिअरशी आधी ठरवून भेट झाली. आमचा पत्रव्यवहार जुना. गृहस्थ नोकरीत असताना मुंबई बंदरात येऊन गेलेले, त्यामुळे वडापावची चौकशी आधी झाली. ग्रीसमध्ये जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू सरकारच्या मालकीची. खाजगी संग्रह ठेवायचा तर परवाना लागतो, आणि प्रत्येक नाण्याची नोंद. त्यांच्याकडे परवाना आहे. माझ्याकडे फक्त मोबाइलमधले फोटो होते, कारण आपल्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. अथेन्सला घुबडं नेणं, ही ग्रीकांची जुनी म्हण. जिथे जे उदंड आहे तिथे तेच घेऊन जाणाऱ्याची थट्टा. मी मित्राच्या मिनँडरचा फोटो पुढे केला आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. खरोष्ठी लेखावर बोट ठेवून "हे वाच," म्हणाले. मी वाचलं : महाराजस त्रातारस मेनंद्रस. त्यांनी माझ्यामागून म्हटलं, मग ग्रीक बाजू त्यांनी वाचली आणि मी म्हटली. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला लागली होती.

मग त्यांनी विचारलं, "हे सापडलं कुठे?"

मला माहीत नव्हतं. मित्रालाही नाही. त्याने ते दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून घेतलं, त्या व्यापाऱ्याने आणखी कुणाकडून. माझं उत्तर ऐकून त्यांनी मीर झकाहचं नाव काढलं. अफगाणिस्तानातल्या या गावात १९९०च्या दशकात पाण्याच्या झऱ्यातून नाणी निघाली ती टनांनी मोजावी इतकी, आणि ती पोत्यांतून पेशावरच्या बाजारात आली. कुठल्या राजाचं नाणं कुणाच्या नाण्यासोबत पडलं होतं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. एखाद्या राजाचा काळ ठरवायला नेमकं तेच लागतं.

अलीकडे अथेन्सची घुबडंही बाजारात एकदम ढिगाने उतरली आहेत. त्याविषयी ते बोलले नाहीत, मीही खोदलं नाही. त्याऐवजी त्यांनी ब्रूटसच्या सोन्याच्या नाण्याची गोष्ट सांगितली. सीझरच्या खुनानंतर दोन वर्षांनी, इसवीसनपूर्व ४२मध्ये, ब्रूटसने सैन्याच्या पगारासाठी नाणी पाडली : पुढे स्वतःचा चेहरा, मागे दोन खंजीर, मधे मुक्त गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. सोन्यात त्याची मोजकीच नाणी उरली आहेत. २०२०च्या लंडनच्या लिलावात एक बत्तीस लाख पौंडांच्या वर गेलं. सोबतची पूर्वमालकांची कागदपत्रं बनावट निघाली आणि २०२३ साली न्यूयॉर्कमधून ते ग्रीसच्या हवाली करण्यात आलं. "कागदावर एका सभ्य उमरावाचं नाव असलं की लोकांना पुढचं विचारावंसं वाटत नाही," ते म्हणाले. निघताना त्यांनी मला सांगितलं, "चांदी कुठून आली ते तरी बघून जा. ते अजून जागच्या जागी आहे."

म्हणून आम्ही लाव्रिओची बस पकडली. अथेन्सपासून साठेक किलोमीटर. आधी शहराची उपनगरं, मग द्राक्षमळे आणि ऑलिव्ह, मग एकदम उघडेबोडके, तांबूस डोंगर. गाव बंदराचं, चौकात सेर्पिएरी या इटालियन उद्योजकाचा पुतळा. एकोणिसाव्या शतकात त्याने इथे कंपनी काढली, ती मुख्यतः प्राचीन कारागिरांनी टाकून दिलेल्या मळीतून उरलेलं शिसं काढायला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या केराचा असा धंदा! त्या मळीची मालकी कुणाची, यावरून ग्रीसचं राजकारण तेव्हा हादरलं होतं.

गावाच्या उत्तरेला थोरिकोस. तिथलं नाट्यगृह ग्रीसमधल्या सर्वांत जुन्या नाट्यगृहांपैकी एक आहे आणि ते गोल नाही, लांबट आहे. डोंगराच्या उतारावर जशी जागा मिळाली तशा पायऱ्या रचलेल्या. त्याच्या अगदी शेजारी खाणीचं तोंड. आत जाता येत नाही, पण वाकून बघितलं तरी कळतं की उभ्याने चालायची सोयच नव्हती. बोगदे बहुतेक मीटरभरही उंच नसत. गुडघ्यांवर किंवा आडवं पडून, तेलाच्या दिव्याच्या उजेडात खोदायचं. वर आणलेलं खनिज कुटायचं, दळायचं आणि उतरत्या फरसबंद ओट्यांवर पाण्याने धुवायचं, म्हणजे हलकी माती वाहून जाते आणि जड खनिज मागे राहतं. हा मुलूख कोरडा. म्हणून डोंगरात टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवलेलं, आत गिलावा असा की अजून जागोजागी शाबूत आहे; वापरलेलं पाणी चरांतून फिरवून पुन्हा वापरायचं. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची टाकी बघितलेल्या माणसाला इथल्या कारागिराची अक्कल समजवावी लागत नाही. पुढे भट्टी. शिसं आणि चांदी एकत्र वितळतात. मग त्या रसावर हवेचा झोत मारत राहायचं, शिशाचं भस्म होऊन वेगळं निघतं आणि तळाशी चांदीची गोळी उरते. विषारी वाफा फुंकणाऱ्याच्या छातीत.

इसवीसनपूर्व ४८३च्या सुमारास इथे चांदीची श्रीमंत शीर लागली. प्रत्येक नागरिकाला दहा दहा द्राख्मा वाटून टाकावेत असं घाटत होतं. थेमिस्टोक्लीसने लोकांचं मन वळवून त्या पैशाची लढाऊ जहाजं बांधायला लावली. हेरोडोटस दोनशेचा आकडा देतो. तीनच वर्षांनी सालामिसला इराणी आरमार बुडालं. शाळेच्या पुस्तकात इथवर येतं. झेनोफोनने नोंदवलेला एक हिशेब येत नाही. अथेन्सचा सेनापती निकियास याच्या मालकीचे हजार गुलाम या खाणींत होते. ते त्याने एका ठेकेदाराला दिले होते, दर माणशी दर दिवशी एक ओबोल निव्वळ भाड्याने. अट एकच : संख्या हजारच्या खाली जाता कामा नये. मेलेल्याच्या जागी नवा माणूस आणणं ठेकेदाराकडे. मी टाकीच्या काठावर बसून गणित केलं : हजार ओबोल म्हणजे रोजची एक्केचाळीस घुबडं, वर थोडी मोड.

ते मी सौ.ला ऐकवलं. "म्हणजे मी म्हणत होते तेच," ती म्हणाली. "अपशकुनीच." आणि पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन खाली बसच्या थांब्याकडे चालू लागली.

परतल्यावर अथेन्सच्या अगोरात गेलो. जुन्या बाजाराच्या या जागेवर १९७० साली एक शिलालेख सापडला : इसवीसनपूर्व ३७५–७४चा, निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला कायदा. नाणी पारखायला सरकारी गुलाम सराफांच्या टेबलांमध्ये बसेल. नाणं आत तांब्याचं किंवा शिशाचं निघालं तर तिथल्या तिथे कापायचं आणि देवमातेला वाहून टाकायचं. खरं निघालं तर कुठल्याही विक्रेत्याने ते नाकारायचं नाही. नाकारलं तर त्या दिवशी विकायला मांडलेला माल जप्त. आणि पारख्या स्वतः जागेवर बसला नाही किंवा नीट पारख केली नाही, तर त्याला पन्नास फटके. चांदी खणणारा गुलाम आणि चांदी तपासणाराही गुलाम. घुबडाचा भाव टिकवायचं काम या दोघांकडे.

तिथून मोनास्टिराकीच्या गल्ल्या दोन पावलांवर. तिथे घुबडं टोपलीत मिळतात, नकली म्हणूनच विकलेली, त्यामुळे तक्रार नाही. साच्यात ओतलेली, कडेला हात फिरवला की जोडाची रेघ लागते, आणि वजनही भरत नाही. भाच्यांसाठी चार घेतली.

पुण्यात आल्यावर एका रविवारी जुन्या बाजारात एका विक्रेत्याने हातरुमालात गुंडाळलेला मिनँडरचा द्राख्मा पुढे केला. घुबडाचा नव्हे, नेहमीचा, वज्र फेकणाऱ्या अथीनेचा. नाणं अस्सल वाटलं. मी विचारलं, "कुठे सापडलं?"

"काका, नाणं घ्यायचंय का त्याची सोयरीक जुळवायचीय? कूळ, गाव, मामाकूळ कशाला विचारता?"

मी त्याला मीर झकाहची गोष्ट सांगितली, झरा आणि पोत्यांसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि भाव दोनशेने उतरवला.