अनुजा, आधी गाडी हळू चालवायला शीक

यॉर्क, इंग्लंड

प्रिय अनुजा,

तुझ्या नव्या साडेतीनशे सीसीच्या गाडीचा फोटो ताईने पाठवला. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि तू हेल्मेट काखेत धरून उभी. ताईच्या मेसेजमध्ये अभिमान होता आणि शेवटी एक ओळ होती : 'तूच हिला काहीतरी सांग.' तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण गाडी नको, विकून टाक, असं मी तुला सांगणार नाही. नागपूरच्या मुली दुचाकीवरच मोठ्या होतात. आम्ही लुनावर एलएडी कॉलेजला जायचो, तू ॲक्टिव्हावर क्लासला गेलीस. या शहराने मुलींना जे मोकळेपण दिलं, त्यात दुचाकीचा वाटा फार मोठा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आता तू वर्धा रोडने रोज मिहानला जाणार आणि पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर चिखलदऱ्याला जायचाही बेत आहे. म्हणून हे पत्र. ते छापायला देते आहे, कारण तुझ्यासारख्या कितीतरी जणी आणि जण नागपुरात आहेत.

मी इथे पोलिसांकडून गाडी चालवायला शिकले. इंग्लंडमध्ये 'बाइकसेफ' नावाचा उपक्रम आहे. १९९० च्या दशकात नॉर्थ यॉर्कशायरच्या पोलिसांनी तो सुरू केला आणि मग देशातल्या इतर पोलीस दलांनी उचलला. लायसन्स असलेला कुणीही साधा माणूस आपली गाडी घेऊन जाऊ शकतो. आधी वर्गात बसायचं. मोटारसायकलचे अपघात कुठे होतात, कसे होतात, हे ते अपघात स्वतः पाहिलेले पोलीस सांगतात. मग रस्त्यावर निघायचं. आपण पुढे, आणि मागे वरच्या दर्जाचं प्रशिक्षण घेतलेला स्वार. चलान नाही, पास-नापास नाही. तो बघत येतो आणि थांबल्यावर शेजारी उभा राहून बोलतो. पन्नाशी उलटल्यावर मी त्यात नाव घातलं. इथेही वाहनं डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे जे शिकले ते जसंच्या तसं नागपूरला लागू पडतं.

या शिक्षणाला बरीच जुनी परंपरा आहे. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांच्याच गाड्यांचे अपघात फार व्हायला लागले. तेव्हा हेंडन इथे त्यांनी गाडी चालवण्याची शाळा काढली, आणि तिथे शिकलेल्यांचे अपघात कमी झाले. तिथली शिकवण १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' या नावाने पुस्तकरूपात सर्वांसाठी विक्रीला आली. मोटारसायकलचं पुस्तक पुढे वेगळं निघालं. आपलं कसब खात्यापुरतं न ठेवता पोलिसांनी ते लोकांच्या हाती दिलं, याचं मला फार मोल वाटतं.

त्या पुस्तकाचा कणा अगदी साधा आहे. आधी माहिती घ्यायची, मग रस्त्यावरची आपली जागा ठरवायची, मग वेग, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी ॲक्सिलरेटर. क्रम हाच. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा असतो : आधी पिळायचं, मग काय होतं ते बघायचं. वळणावर ब्रेक मारत शिरणारा, गिअर चुकला म्हणून वळणाच्या मध्येच क्लच दाबणारा स्वार तू रोज पाहत असशील. त्याचे हात वाईट नसतात, त्याची माहिती उशिरा येते.

माहिती लवकर यावी म्हणून पोलीस एक सराव करून घेतात : जे दिसतं ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण हेल्मेटच्या आत कोण ऐकतंय? तू वर्धा रोडवर हे करून बघ. डबलडेकर पुलाखालून जाताना बोल : 'डावीकडे ऑटो थांबला, उतारू उजवीकडून उतरेल. मेट्रोच्या दोन खांबांमध्ये यू-टर्नची जागा आहे, खांबाआड माणूस असू शकतो. पुढच्या कारची चाकं उजवीकडे वळली, इंडिकेटर नाही, पण ती वळणार. स्टार बसच्या मागे मी आहे, तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही, म्हणजे त्याला मी दिसत नाही.' दहा मिनिटांत घसा कोरडा पडेल. आणि आजवर किती गोष्टी नुसत्या डोळ्यांसमोरून गेल्या, बघितल्या गेल्याच नाहीत, हेही लक्षात येईल. सवय झाली की तोंड आपोआप बंद होतं, डोळे मात्र बोलत राहतात.

नागपूरच्या रस्त्यांसाठी माझ्या दोन गोष्टींची मी यात भर घालते. एक म्हणजे सिमेंटचा रस्ता आणि कडेचे गट्टू. दोन्हींच्या मध्ये कित्येक ठिकाणी उंचसखल कड असते. त्या कडेला समांतर चालत हळूच वर चढायला गेलीस तर पुढचं चाक कडेला घासत राहील आणि गाडी खाली पडेल. चढायचंच असेल तर वेग आधी कमी कर आणि जमेल तितकं आडवं होऊन कड ओलांड. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. पंचेचाळीस अंशांत स्टोल गुंडाळल्याशिवाय बाहेर पडवत नाही, हे मला माहीत आहे. पण स्टोलचे पदर हेल्मेटच्या आत डोळ्यांच्या कडेला आले की बाजूचं दिसणं कमी होतं. लेन बदलताना आरसा बघ आणि मान वळवून खांद्यावरूनही बघ. मान वळत नसेल तर स्टोल पुन्हा बांध.

चिखलदऱ्याच्या घाटासाठी पोलिसांची एक युक्ती. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेव. तो बिंदू तुझ्यापासून पळत असेल तर वळण उघडतंय. तुझ्याकडे यायला लागला तर वळण आवळतंय, वेग कमी कर. जेवढा रस्ता मोकळा दिसतो आहे तेवढ्यात, आपल्याच बाजूला, थांबता आलं पाहिजे, याच वेगाने घाटात जायचं. पावसाळ्यात तिथे धुकं उतरतं आणि दिसणारा रस्ता वीस पावलांवर येतो. मग वेगही तेवढाच.

आता शीर्षकातल्या हळूपणाकडे येते. पोलिसांचं मोटारसायकल कौशल्य म्हटलं की पाठलाग आणि कसरती डोळ्यांसमोर येतात. शेजारच्या जबलपूरचं, लष्कराच्या सिग्नल कोअरचं 'डेअर डेव्हिल्स' पथक १९३५ पासून कसरती करतं, आणि त्यांचं धाडस पाहून माझाही ऊर भरून येतो. पण पोलिसी शिक्षण ते नव्हे. अमेरिकेतल्या पोलिसांच्या हार्ले डेव्हिडसनचं वजन साडेतीनशे किलोच्या वर भरतं, आणि त्या स्वारांना सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो तो प्लास्टिकच्या शंकूंमधून माणसाच्या चालीने ती वळवण्यात. तिथले निवृत्त पोलीस आता हेच सामान्य लोकांना शिकवतात. कसब तीन गोष्टींत आहे : क्लच पूर्ण सोडायचा नाही, अर्ध्यावर धरायचा, पायाखालचा मागचा ब्रेक अलगद लावून ठेवायचा, आणि मान जिथे जायचं तिकडे पूर्ण वळवायची. नजर जमिनीकडे गेली की गाडीही जमिनीकडे जाते. पुढच्या ब्रेकला हळू वळणात हात लावायचा नाही, तिथेच जड गाड्या आडव्या होतात.

जपानमध्ये तर लायसन्सच्या परीक्षेतच ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ मीटर लांब फळीवरून गाडी न्यावी लागते. तुझ्या गाडीइतक्या क्षमतेच्या गाडीला ७ सेकंदांच्या आत पलीकडे पोचलं तर गुण कापतात, म्हणजे कसोटी सावकाशीची आहे. तुला सरावाला फळीची गरज नाही. मोकळ्या मैदानावर फक्कीने दोन रेषा ओढ आणि घड्याळ लावायला मैत्रिणीला उभी कर. ज्या दिवशी तुला तेवढ्या अंतरात सात सेकंद पाय न टेकता जमेल, त्या दिवशी इतवारीच्या गर्दीत, बडकस चौकात, बर्डीच्या मेन रोडवर तुझी गाडी तुझ्या ताब्यात असेल. शहरात आपण बहुतेक वेळ त्याच वेगात असतो.

ब्रेकचंही तेच. बहुतेक जण जोरात थांबायचा पहिला प्रयत्न समोर कुत्रं किंवा मूल आल्यावरच करतात. इथे इंग्लंडमध्ये लायसन्सच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटरवरून गाडी ताबडतोब थांबवून दाखवावी लागते. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे मेंदूला कळून बोटं लिव्हरवर जाईपर्यंतच तेवढी गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तुझ्याही आहे. पण ते हाताला ओळखीचं असायला हवं. कोरड्या, मोकळ्या जागी तीसच्या वेगापासून सुरुवात कर. पुढचा ब्रेक आधी हलका, मग घट्ट दाबत जा, एकदम आवळू नकोस. लिव्हर थरथरली तर घाबरून सोडू नकोस, एबीएस काम करतंय.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. नॉर्वेने एकेकाळी नव्या कारचालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि तरुण मुलांचे अपघात घटण्याऐवजी वाढले. आता आपल्याला सगळं येतं, या भावनेने ते जास्त वेगात जाऊ लागले. म्हणून ज्या शिक्षणातून तू जास्त वेगात घरी येशील, ते शिक्षण माझ्या मते वायाच गेलं. बाइकसेफमधले पोलीस वेगाचं कौतुक एका शब्दानेही करत नाहीत.

आपल्याकडे बाइकसेफसारखं काही का नाही, याचं मला वाईट वाटतं. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती, आणि ५० हजारांवर लोकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आरटीओत इंग्रजी आठचा आकडा काढला की दुचाकीचं शिक्षण संपतं, पुढे आयुष्यभर कुणी काही शिकवत नाही. धरमपेठेच्या ट्रॅफिक पार्कमध्ये लहान मुलांना सिग्नल शिकवणारं आपलं शहर मोठ्यांसाठी तसं मैदान देत नाही. नागपुरात कळकळ नाही असंही नाही. जनआक्रोश या संस्थेचे ज्येष्ठ कार्यकर्ते चौकाचौकांत उन्हात उभे राहून नियम पाळायला सांगतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात शहर बसना धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसले. बसला डोळे मिळाले, पण दुचाकीवाल्याला आपलेच डोळे घडवावे लागतात, आणि ते घडवणारे लोक पोलीस दलात आहेत. रात्रंदिवस गल्लीबोळांतून फिरणारे बीट मार्शल आणि दामिनी पथकातल्या मुली या शहरातले धोके जितके ओळखतात तितके दुसरं कोण ओळखणार?

म्हणून माझं एक काम कर. मैत्रिणींना गोळा कर, एक साधा अर्ज मराठीत लिही आणि सिव्हिल लाइन्सच्या पोलीस आयुक्त कार्यालयात नेऊन दे. महिन्यातून एक रविवार, पोलिसांचं एक मैदान, काही शंकू आणि दोन अनुभवी स्वार, एवढंच माग. चलान नको, प्रमाणपत्र नको, फक्त शिकवा म्हणावं. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. हे वाचणाऱ्या नागपूरकरांनाही माझी हीच विनंती आहे : तुमच्या घरातल्या नव्या स्वारासाठी त्या अर्जावर सही करा.

तुझी
मावशी

ता. क. चिखलदऱ्याला निघण्याआधी टायरमधली हवा थंड टायरवर तपास, आणि मागे बसणाऱ्या मैत्रिणीच्या डोक्यावरही आयएसआयचं हेल्मेट असू दे, पट्टा लावलेलं.