चिकटलेले तिकीट सोडवू नका

जुन्या संग्रहात अनोळखी तिकीट निघाले की बहुतेक संग्राहक ते आधी पाण्यात टाकून कागदापासून सोडवतात आणि मग कॅटलॉग उघडतात. हा क्रम मला उलटा वाटतो. तिकीट कशावर चिकटले होते, यावरून त्याची ओळख जितकी खात्रीने पटते तितकी त्यावरच्या छपाईवरून पटत नाही. आपल्याकडची संस्थानेच पाहा. भोरने 1879 मध्ये टपाल तिकिटे काढली; सांगली-मिरजेची मिळतात ती कोर्ट फीची आणि महसुलाची. सुट्या तिकिटावर संस्थानाचे नाव आणि किंमत दिसते, पण ते पत्रावर होते की दाव्याच्या अर्जावर, हे कागदच सांगतो. ब्रिटिश हिंदुस्थानात 1906 पासून तर एकच तिकीट टपाल आणि महसूल, दोन्हींना चालू लागले. त्यावर शाईची आडवी सही दिसली की नवखा ते खराब म्हणून बाजूला सारतो. वास्तविक ते वीस रुपयांवरच्या पावतीचे एक आण्याचे तिकीट असण्याचा संभव मोठा. तार तिकिटांचे तर विचारूच नका. त्यांवर राणीची दोन मुखे, एकाखाली एक. वरचा अर्धा भाग पावतीवर तार करणाऱ्याकडे जाई, खालचा फॉर्मवर खात्याकडे राही आणि पुढे फॉर्मबरोबर नष्ट होई. म्हणून वापरलेली मिळतात ती बहुतेक वरची अर्धी. हे ठाऊक नसलेला त्यांना फाटकी समजतो.

कोणी म्हणेल, वॉटरमार्क आणि दाते कशासाठी आहेत? हत्तीचे मुंडके की तारा, यावरून काळ ठरतोच. ठरतो, पण वापर ठरत नाही. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा अधिभार बसला, तेव्हा कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' छापले गेले. काही ठिकाणी नुसता रबरी शिक्का मारून काम भागवले. अशा तिकिटाचा कागद अस्सल, दातेही अस्सल. खोटा असू शकतो तो शिक्काच, आणि तो घरबसल्या कोणालाही उमटवता येतो. सुट्या नमुन्यावर मी विश्वास ठेवत नाही. लिफाफेही बनावट असतात, हे मान्य. पण गाव, तारीख, टपालदर आणि शिक्का या चारही गोष्टींचा मेळ बसवणे बनावट करणाऱ्याला जड जाते.

जागेची अडचण खरी आहे. लिफाफे अल्बममध्ये मावत नाहीत. तेव्हा कापायचेच झाले तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि टपालाचा शिक्का पुरा राहील एवढा कागद सोडून कापा.