तरसालीहून वसईला

बडोद्याच्या दक्षिणेला, मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या शेजारी असलेले आमचे तरसाली हे जुन्या मंडळींच्या सांगण्यात अजूनही तळ्याकाठचे गावच आहे. आमच्या पाहण्यात मात्र सोसायट्यांमागून सोसायट्या आल्या. औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथे पुष्कळ. भाद्रपदात संध्याकाळी आमच्या गल्लीतून चालत गेले, तर पहिल्या घरात सुरू झालेली आरती चौथ्या घरापाशी संपते. याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून, गेली बावीस वर्षे एक वसईकर कॅथलिक कुटुंब राहते.

बडोद्यात ‘मराठी’ म्हटले की हिंदू, असे आपण न बोलता धरून चालतो. मीही तसाच चाललो होतो. एम. ए. ला ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासले होते. फादर स्टीफन्स हा मूळचा इंग्रज, १५७९ साली गोव्यात आला, १६१६ साली राचोलला त्याचा ग्रंथ छापला गेला, ओव्या अकरा हजारांच्या जवळपास, हे सर्व परीक्षेपुरते पाठ होते. पण त्याच धर्माची मराठी माणसे आजही आपल्या भाषेत जपमाळ ओढतात, हे मला पुस्तकाने नव्हे, शेजारच्या आजींनी शिकविले. संध्याकाळी साडेसातला भिंतीपलीकडून माळेचा स्वर सुरू होई. आजी अर्धे म्हणत, घरची मंडळी अर्धे पूर्ण करीत. आमच्या सौभाग्यवती त्या सुरावर कुकर लावीत असत.

आजींचा जन्म वसईच्या उत्तरेकडच्या बागायती पट्ट्यातला, १९३८ चा. त्यांच्या लहानपणी घरची प्रार्थना मराठीत होई. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे असत; पुष्कळसे मंत्र हळू आवाजात चालत; आणि मागे बसलेल्या बाया आपापली माळ ओढीत. रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना दार उघडले. पुढील वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा आजी नवऱ्याबरोबर लोकलने दर्शनाला गेल्या होत्या. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या चर्चमधली मिस्सा मराठीत आली आणि फादरांनी लोकांकडे तोंड फिरविले.

एकदा मी मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणालो, “आजी, फार चांगले झाले. आमच्या ज्ञानोबांनीही हेच केले. संस्कृतातले मराठीत आणले.”

आजींनी माळ मांडीवर ठेवली. “सर, तुम्ही सकाळी अथर्वशीर्ष म्हणता, ते मला ऐकू येतं. त्यातलं सगळं तुम्हाला कळतं?”

बरेचसे कळते, असे मी म्हणालो. ते पूर्णपणे खरे नव्हते.

“आणि नाही कळलं ते तुम्ही गाळता का?”

यावर मजपाशी उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, देवापुढे बोलायची भाषा बाजारात बोलायच्या भाषेहून वेगळी असली म्हणजे माणूस चर्चच्या दारातच आवाज खाली आणतो. मराठी मिस्सा आली तेव्हा पहिली काही वर्षे त्यांना चुकल्यासारखे वाटे. फादर आपल्याकडे बघत असल्यामुळे आपण देवाकडे बघायचे की फादरांकडे, हे कळेना. यात एक गंमत आहे. त्यांच्या घरची बोली सामवेदी. चर्चमधली मराठी ही छापील, प्रमाण मराठी. तीही त्यांना शिकावीच लागली. शिकल्या, आणि पन्नास वर्षांत ती अशी अंगी मुरली की, तीच त्यांची जुनी रीत होऊन बसली.

आजींना आणखी एक गोष्ट पसंत नव्हती. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा बदलांना संमती दिली होती. जोडे काढून बसावे, हात जोडून नमस्कार करावा, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावावा, ओवाळावे, अशा स्वरूपाचे हे बदल. येथल्या मातीशी उपासनेचे नाते जुळावे हा हेतू; पण भारतातल्याच अनेक कॅथलिकांनी त्यांना कडाडून विरोध केला. मिस्सेत आरती झाली की आजी डोळे मिटून घेत. “आरती तुमची. तुमच्या गणपतीला मी येते, हात जोडते. पण ती आमच्या वेदीपुढे कशाला?” खरे सांगायचे तर मला तेव्हा थोडे लागले. आपली म्हणून जी गोष्ट आपण कौतुकाने देऊ करतो, ती कुणी नको म्हटली की लागतेच. पुढे विचार करताना वाटले की, आमच्या सत्यनारायणाच्या पूजेत कुणी आपुलकीने मेणबत्त्या लावून आणल्या असत्या, तर माझ्या मातोश्री काय म्हणाल्या असत्या?

२०२० च्या टाळेबंदीत चर्चे बंद होती. नातवाने मोबाइलवर मिस्सा लावून द्यायला सुरुवात केली. कधी गुजराती, कधी इंग्रजी. असाच शोधता शोधता त्याला परदेशातली एक जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा सापडली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ही जुनी रीत मोकळी केली होती, त्यामुळे ठिकठिकाणी पुष्कळ तरुण तिच्याकडे वळले आहेत. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये तिच्यावर पुन्हा बंधने घातली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आजींना या वादाचा पत्ताही नव्हता. पडद्यावर पाठमोरे फादर दिसताच त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि ‘कीरिये’ आल्याबरोबर मोबाइलच्या आधी यांचा आवाज निघाला. पंचावन्न वर्षांनंतर! नातू माझ्याकडे पाहत राहिला. त्याला मी, मास्तरकीची खोड म्हणून, सांगितले की ‘कीरिये’ हा शब्द लॅटिन नव्हेच, तो ग्रीक आहे. रोमच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीकमध्ये चाले. लोकांना ती कळेनाशी झाली, तेव्हा चौथ्या शतकाच्या सुमारास तिची जागा लॅटिनने घेतली. म्हणजे आजींची जुनी लॅटिनही एके काळची नवी लोकभाषाच. आजी म्हणाल्या, “असेल. मी होते का तेव्हा?”

२०२३ च्या नोव्हेंबरात आजी गेल्या. बडोद्यात कॅथलिकांची उपासना गुजरातीत व इंग्रजीत चालते. बडोद्याचे स्वतंत्र धर्मप्रांत १९६६ साली झाले, आणि स्पेनहून आलेल्या फादर वालेस यांच्यासारख्या धर्मगुरूने गुजराती गद्य घरोघरी नेलेले आपण पाहिले आहे. तेव्हा येथल्या चर्चने येथली भाषा जवळ केली यात वावगे काही नाही. अंत्यविधी गुजरातीत झाला, चांगला झाला. पण घरी आल्यावर माळ सुरू झाली, तेव्हा आजींचा अर्धा भाग कुणी म्हणायचा हे ठरेना. मुलाचा कंठ दाटून येई. नातवाला तोंडपाठ होता तो फक्त उत्तराचा अर्धा. आणि वसईहून आलेली प्रार्थनेची पुस्तिका त्याला भराभर वाचता येईना. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी लिपी गुजराती; मराठी बोलतो छान, वाचताना अडखळतो.

महिन्याच्या मिस्सेसाठी त्यांच्याबरोबर मीही वसईला गेलो. बडोद्याहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पहाटे निघून सकाळी वसई रोड. स्टेशनाबाहेरच्या इमारतींच्या गर्दीतून रिक्षा पश्चिमेला वळली, तशा केळीच्या बागा, विहिरी, पांढरेशुभ्र क्रूस दिसू लागले. बागा आता तुटक तुटक उरल्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ज्या हिरव्या वसईसाठी लढा दिला, ती हीच. मराठी बायबलाचे हे भाषांतरकार २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध काहींनी केला होता. त्या वेळी आजींनी माझ्याकडून वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून मागून घेतले होते. जुलै २०२४ मध्ये तेही गेले.

मिस्सेला पुढच्या बाकांवर तांबडी लुगडी नेसलेल्या चार-पाच वृद्धा होत्या. कृपा, दया, अर्पण, शरण हे शब्द कानांवर पडत होते. डोळे मिटले असते, तर कीर्तनाला बसलो आहे असे वाटले असते. पण उघडे ठेवले, कारण तसे वाटून घेण्यात आजींवर अन्याय झाला असता.

दुपारी मुलाने किल्ला दाखविला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो घेतला, ती कथा मी शाळेत आवेशाने सांगत आलो आहे. येथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात मी लहानपणी स्वतः वाजविली आहे. छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंतींमध्ये, त्या घंटांच्या मालकांच्या वंशजाशेजारी उभे राहून ती कथा सांगणे मला जमले नाही. त्यानेच विचारले, “सर, आवाज कसा आहे तिचा?” खणखणीत आहे, मी म्हणालो.

परतीच्या गाडीत त्याने मन मोकळे केले. मुलाला गुजराती लिपीत या प्रार्थना लिहून द्याल का? अर्थ सांगायला नको. भाषा मराठीच राहू द्या, अक्षरे तेवढी गुजराती. मला एकदम स्टीफन्स आठवला. गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून त्याचे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले होते.

चाळीस पानांची वही झाली. पहिल्याच दिवशी अडचण निघाली. ‘आमचा’, ‘रोज’, ‘माझा’ हे शब्द नातू थेट गुजराती उच्चाराने वाचू लागला. वडील म्हणाले, आजी असं म्हणत नसे. मी वही परत आणली आणि जेथे जेथे आपला दंततालव्य उच्चार आहे, तेथे तेथे अक्षराखाली तांबडे टिंब दिले. आता भिंतीपलीकडून साडेसातला आधी नातवाचा आवाज येतो. टिंबापाशी तो किंचित थांबतो.

मागच्या आठवड्यात सौभाग्यवतींनी आरत्यांचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. आमची नातही गुजराती शाळेत आहे. गणपती आठ-दहा दिवसांवर आले आहेत, आणि तांबड्या पेनाची रिफिल संपली आहे. उद्या नाक्यावरून आणावी लागेल.